स्पॅनिशमधलं 'झालं असतं': नियमित क्रियापद कोंदिस्योनालमध्ये कसं चालवायचं?

गलबत
जहाजावर जाणारी मुलं, मालवण-तारकर्लीकडे घरगुती निवास चालवणारे आणि परीक्षेला बसणारे, असे तिन्ही प्रकारचे स्पॅनिश शिकणारे इथे वाचतात, म्हणून धागा काढतोय.

माझं मत आधी मांडतो: कोंदिस्योनाल हा स्पॅनिशमधला सगळ्यात सोपा काळ आहे. वर्तमानकाळात -आर, -एर, -ईर अशा तीन गटांना वेगळे प्रत्यय लागतात आणि शेवटचा तुकडा आधी कापावा लागतो. इथे कापाकापी नाही. क्रियापद शब्दकोशात असतं तसं अख्खं ठेवायचं आणि मागे प्रत्यय जोडायचा. तिन्ही गटांना तेच प्रत्यय: -ईआ, -ईआस, -ईआ, -ईआमोस, -ईआइस, -ईआन.

नमुन्याला 'पागार' घेऊ, म्हणजे पैसे देणे. आपला 'पगार' पोर्तुगीजांकडून आला तो याच कुळातला, त्यामुळे विसरायची भीती नाही.

यो पागारीआ (मी)
तू पागारीआस (तू)
एल, एया, उस्तेद पागारीआ (तो, ती, आपण)
नोसोत्रोस पागारीआमोस (आम्ही, आपण)
बोसोत्रोस पागारीआइस (तुम्ही, स्पेनमध्ये)
एयोस, उस्तेदेस पागारीआन (ते, लॅटिन अमेरिकेत 'तुम्ही' साठीही हेच)

'कोमेर' (खाणे) चं कोमेरीआ, 'बिबीर' (राहणे) चं बिबिरीआ. पुढे सगळं तसंच. रोमन लिपीत लिहिताना सहाही रूपांत 'ई' च्या अक्षरावर टिंबाऐवजी तिरकी रेघ येते, एकही अपवाद नाही.

रूपं दहा मिनिटांत पाठ होतात. प्रश्न पुढचा आहे: मराठी माणसाने ती कुठे वापरायची? शाळेत शिकलेला 'संकेतार्थ' म्हणजेच हे, असं सांगून भागतं का?

सुरंगी
भागत नाही. 'पाऊस आला असता तर गारवा आला असता' हे संकेतार्थाचं आपलं ठरलेलं उदाहरण. त्याचं स्पॅनिश करायला घेतलं की दोन वेगळी वाक्यं होतात आणि मराठी वाक्य त्यातलं कुठलं ते सांगत नाही. यावर नीट लिहिते, पण आधी उच्चारांचं कुणीतरी घ्या. तिथली चूक जास्त कानाला लागते.

तिठा
उच्चारांचं मी घेतो.

मराठी जिभेला 'री' आणि 'आ' सुटे ठेवायची सवय नाही. मध्ये 'य' घुसतो, घाईत 'री' आखडते आणि 'पागारीआ' चं 'पागाऱ्या' होतं, आपल्या दऱ्या-सुऱ्यांसारखं. स्पॅनिशमध्ये ही चार अक्षरं आहेत: पा-गा-री-आ. जोर 'री' वर. 'पागारीआमोस' पाच अक्षरं, जोर पुन्हा 'री' वरच. 'पागारीआइस' मात्र चारच, कारण शेवटचं 'आइस' एका दमात येतं.

ती तिरकी रेघ शोभेची नाही. 'इ' आणि 'आ' शेजारी आले की स्पॅनिश त्यांना एका अक्षरात कोंबते. रेघ असली की त्यांना वेगळं ठेवते आणि जोर 'ई' वर टाकते. 'मारीआ' या नावात रेघ आहे म्हणून ते तीन अक्षरी, मा-री-आ. 'मारिओ' मध्ये नाही म्हणून दोनच, मा-रिओ. वसईपासून गोव्यापर्यंत 'मारिया' हे नाव आपल्या कानावर आहे, पण आपण त्यात 'य' घालूनच म्हणतो. तो 'य' काढून नाव म्हणायची सवय लावा, निम्मं काम झालं.

'र' ची काळजी नको. दोन स्वरांमधला स्पॅनिश 'र' आपल्या 'र' सारखाच, जिभेचा एक टोला.

माडबन
टंकलेखनाचं: मोबाइलवर आय अक्षर दाबून धरलं की रेघवालं अक्षर मिळतं. विंडोजच्या संगणकावर उजवीकडची आकड्यांची कळफलकपट्टी चालू ठेवून, अल्ट दाबून 161. लेखी परीक्षेत रेघ गाळली तर ती शुद्धलेखनाची चूक ठरते.

वेंगुर्ले बंदर
पोर्तुगीज येणाऱ्यांसाठी इशारा. गोव्याकडे जुन्या पिढीला पोर्तुगीज येतं, तिथे हेच रूप 'पगारिआ', पण रेघ फक्त आम्ही-तुम्हीच्या दोन रूपांवर असते, बाकी चारांवर नाही. त्या सवयीने स्पॅनिश लिहिलं तर चार ठिकाणी रेघ सुटते.

कुळागर
मग कोर्लईच्या लोकांना स्पॅनिश सोपं जात असेल का? त्यांची बोली पोर्तुगीजच ना?

वेंगुर्ले बंदर
कुळागर, रेवदंड्याजवळच्या कोर्लईची बोली पोर्तुगीजमधून निघालेली क्रिओल आहे. पुष्कळसे शब्द तिकडचे, पण व्याकरण तिचं स्वतःचं, आणि त्यावर मराठीची छाप आहे. शब्द ओळखायला मदत होईल, प्रत्यय मात्र नव्यानेच शिकावे लागतील.

शिडाची होडी
हे प्रत्यय आले कुठून ते कळलं तर पाठांतर लागत नाही. लॅटिनच्या बोलीरूपात 'गायचं होतं' अशा धाटणीची रचना होती: मूळ क्रियापद आणि त्यामागे 'असणे, जवळ असणे' या अर्थाच्या क्रियापदाचा अपूर्ण भूतकाळ. ते सहायक क्रियापद म्हणजे आजचं 'आबेर'. त्याची भूतकाळी रूपं आबीआ, आबीआस, आबीआ, आबीआमोस, आबीआइस, आबीआन. यातलं 'आब' झिजलं, राहिलं ते -ईआ, -ईआस. तेच क्रियापदाला चिकटलं.

भविष्यकाळही असाच झाला, फक्त तिथे 'आबेर' चा वर्तमान चिकटला: पागारे, पागारास, पागारा, पागारेमोस, पागारेइस, पागारान. म्हणून दोन्ही काळ एकाच पायावर उभे आहेत. भविष्यकाळ येत असेल तर कोंदिस्योनालचा पाया तयारच आहे.

हा सांधा पोर्तुगीजमध्ये अजून उघडा दिसतो. 'ते दिलं असतं' म्हणताना लेखी पोर्तुगीज सर्वनाम मधोमध घालतं: 'पगा-लु-इआ'. जुन्या स्पॅनिशमध्येही असं चालायचं. आजच्या स्पॅनिशमध्ये सर्वनाम सुटं आणि क्रियापदाच्या आधी येतं: लो पागारीआ.

खाजणवाट
गलबत, 'पागार' हा नमुना छान निवडलात, आणि त्याला आणखी एक कारण आहे. याच क्रियापदाचं साध्या भूतकाळातलं 'मी' चं रूप लिहिताना मध्ये एक जादा अक्षर घालावं लागतं, कारण 'ग' च्या पुढे 'ए' येतो आणि ते अक्षर घातलं नाही तर 'ग' चा 'ख' होतो. कोंदिस्योनालमध्ये 'ग' च्या पुढे कायम 'आ' आहे, म्हणून स्पेलिंग हलत नाही.

तेच मधल्या स्वराचं. 'पेन्सार' (विचार करणे) वर्तमानात 'प्येन्सो' होतं, 'दोर्मीर' (झोपणे) चं 'द्वेर्मो'. ही मोडतोड धातूवर जोर आल्यामुळे होते. इथे जोर कायम -ई वर, म्हणून धातू शाबूत: पेन्सारीआ, दोर्मिरीआ, पेदिरीआ. 'प्येन्सारीआ' असं रूप नाही. ही चूक हुशार मुलंच करतात, वर्तमानकाळ पक्का झालेला असतो म्हणून.

तिठा
आणि 'र' गिळण्याची चूक. 'प्रेपारार' (तयार करणे) चं प्रेपारारीआ. बोलताना एक 'रा' हमखास जातो. 'मिरार' चं मिरारीआ, 'कोंप्रार' चं कोंप्रारीआ. बोटावर अक्षरं मोजा: प्रे-पा-रा-री-आ, पाच.

माडबन
अपूर्ण भूतकाळाशी गल्लत टाळायला सोपी खूण: -ईआ च्या आधी 'र' असला तर कोंदिस्योनाल, नसला तर भूतकाळ. 'कोमीआ' म्हणजे खायचो, 'कोमेरीआ' म्हणजे खाल्लं असतं. -आर गटात प्रश्नच नाही, तिथे भूतकाळ 'पागाबा' होतो.

खाजणवाट
माडबन, ही खूण फसवते. धातूच 'र' वर संपत असेल तर? 'मोरीआ' (मरत होता) भूतकाळ आहे, कोंदिस्योनाल मोरिरीआ. 'कोर्रीआ' (धावायचा) भूतकाळ, कोंदिस्योनाल कोर्रेरीआ. 'आब्रीआ' (उघडायचा) भूतकाळ, कोंदिस्योनाल आब्रिरीआ.

खरी कसोटी अशी: शेवटचं -ईआ झाका आणि उरलेलं अख्खं क्रियापद आहे का बघा. 'कोमेर' आहे, 'मोरीर' आहे. 'मोर' नाही, 'कोर्र' नाही.

माडबन
मान्य, कसोटी तुमचीच बरोबर. पण अनियमित क्रियापदं तिच्यात बसणार नाहीत.

खाजणवाट
नाही बसणार, पण ती बाराच आहेत, एकदा लिहून भिंतीला लावायची. प्रत्यय यांनाही तेच, फक्त पाया बदलतो.

मधला स्वर गळलेली: पोद्रीआ (शकणे), साब्रीआ (माहीत असणे), आब्रीआ (सहायक 'आबेर'), काब्रीआ (मावणे), केर्रीआ (हवं असणे).
स्वराच्या जागी 'द' आलेली: तेंद्रीआ (जवळ असणे), बेंद्रीआ (येणे), पोंद्रीआ (ठेवणे), साल्द्रीआ (बाहेर पडणे), बाल्द्रीआ (किंमत असणे).
आखडलेली: आरीआ (करणे), दिरीआ (सांगणे).

'केरीआ' आणि 'केर्रीआ' कानाने वेगळे ओळखा. एका 'र' चा भूतकाळ, दोन 'र' चा कोंदिस्योनाल. आणि 'आब्रीआ' तर दोन आहेत: 'उघडायचा' आणि सहायक 'असता'. लिहिताना दुसऱ्याच्या आधी मुकं अक्षर असतं, बोलताना काहीच फरक नाही. संदर्भानेच कळतं.

याउलट इतरत्र वेडीवाकडी चालणारी सेर, ईर, एस्तार, दार, बेर ही क्रियापदं इथे अगदी सरळ: सेरीआ, इरीआ, एस्तारीआ, दारीआ, बेरीआ. 'ओईर' (ऐकणे) च्या मूळ रूपावर रेघ असते ती पायातून जाते आणि प्रत्ययावर येते: ओइरीआ.

कुळागर
'पानादेरीआ' हे कुठल्या क्रियापदाचं?

तिठा
कुठल्याच नाही, ते पावाचं दुकान! -एरीआ हा दुकानाचाही प्रत्यय आहे. 'पेस्कादेरीआ' मासळीचं दुकान आणि 'पेस्कारीआ' म्हणजे 'मासे धरले असते'.

वेंगुर्ले बंदर
मासळीवरून आठवलं, पाण्यात पोहतो तो 'पेस', ताटात येतो तो 'पेस्कादो'. 'पेस्कादो' म्हणजे शब्दशः 'धरलेला'. पाहुण्यांसाठी जेवणाचा फलक लिहिताना 'पेस' लिहू नका.

सुरंगी
आता मूळ प्रश्नाकडे येते. धागाकर्त्यांनी संकेतार्थ पुरेल का विचारलंय.

हे वाक्य घ्या: 'पैसे असते तर मी होडी घेतली असती.' मराठीत हे आजचंही असू शकतं (आत्ता पैसे नाहीत, म्हणून घेत नाही) आणि गेल्या वर्षीचंही (तेव्हा नव्हते, म्हणून घेतली नाही). रूप एकच. फरक आपण 'आत्ता', 'तेव्हा', 'गणपतीच्या आधी' अशा शब्दांवर सोडतो. स्पॅनिश तो फरक क्रियापदातच मागते.

आजचं: सि तुब्येरा दिनेरो, कोंप्रारीआ उना बार्का.
तेव्हाचं: सि उब्येरा तेनीदो दिनेरो, आब्रीआ कोंप्रादो उना बार्का.

पहिल्यात साधा कोंदिस्योनाल. दुसऱ्यात 'आब्रीआ' आणि पुढे -आदो किंवा -ईदो चं रूप. आपल्याकडची मुलं मराठीतलं 'घेतली असती' बघून दोन शब्दांचं दोन शब्दांत करतात आणि प्रत्येक वेळी 'आब्रीआ कोंप्रादो' लिहितात. म्हणून भाषांतराआधी स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: संधी अजून आहे की गेली? उद्या पैसे आले तर होडी घेता येणार असेल तर -ईआ. वेळ टळून गेली असेल तर आब्रीआ.

दोन्ही एका वाक्यात येऊ शकतात: 'तेव्हा अभ्यास केला असता तर आज चांगलं बोलत असतो.' सि उब्येरा एस्तुद्यादो, आओरा आब्लारीआ ब्येन. अट कालची, परिणाम आजचा.

दुसरी गोष्ट, मराठीत 'घेतला असता, घेतली असती, घेतलं असतं' असं कर्माच्या लिंगाप्रमाणे बदलतं. स्पॅनिशमध्ये होडी असो, जाळं असो, कोंप्रारीआ. 'आब्रीआ' च्या पुढचं 'कोंप्रादो' सुद्धा हलत नाही. होडी स्त्रीलिंगी म्हणून 'कोंप्रादा' केलंत तर चूक.

शिडाची होडी
सुरंगीताई, हे फार नेमकं सांगितलंत. एक जोड: 'तर' च्या आधीच्या भागात, म्हणजे 'सि' च्या मागे, कोंदिस्योनाल येत नाही. मराठीत दोन्हीकडे 'असते-असती' सारखंच असल्यामुळे 'सि तेंद्रीआ दिनेरो' लिहायचा मोह होतो. तिथे 'तुब्येरा' च हवं. ते रूप साध्या भूतकाळाच्या 'ते' वरून काढायचं: तुब्येरोन, त्यातलं 'रोन' काढून 'रा'. पागारोन वरून पागारा, कोम्येरोन वरून कोम्येरा.

गलबत
पण उत्तर स्पेनमध्ये लोक 'सि तेंद्रीआ' बोलतात ना? खलाशांच्या तोंडी ऐकू येतं म्हणतात.

शिडाची होडी
बोलतात. बास्क प्रांत, बुर्गोस, ला रिओखा या पट्ट्यात ही बोलीतली लकब आहे. बिल्बाओच्या धक्क्यावर ऐकलंत तर दचकू नका, पण शिकताना आणि लिहिताना धरू नका. प्रमाण स्पॅनिशमध्ये ती चूकच.

तिठा
पागारा, पागारा आणि पागारीआ यांचं काय करायचं? देवनागरीत पहिले दोन सारखेच दिसतात. जोर 'गा' वर असला की 'पैसे दिले असते तर' मधला पहिला भाग, जोर 'रा' वर असला की 'तो पैसे देईल', आणि 'री' वर जोर म्हणजे आपलं आजचं रूप. तिन्ही जोरात म्हणून बघा, डोळ्यांपेक्षा कान लवकर शिकतो.

कुळागर
यो पागारीआ आणि एल पागारीआ सारखंच. मग 'मी' की 'तो' कसं कळणार?

वेंगुर्ले बंदर
गोंधळ होईल तिथे 'यो' किंवा 'एल' म्हणायचं, एरवी गाळायचं. आपल्याकडे 'गेलो' म्हटलं की प्रमाण मराठीत 'मी', आणि मालवणीत 'तो गेलो'. ऐकणाऱ्याला कोण बोलतंय, कुणाबद्दल बोलतंय हे ठाऊक असतं, म्हणून अडत नाही.

मालवणीतलं 'पाऊस पडलो असतो तर बरां झालां असतां' सुरंगीताईंच्या कसोटीला लावा. पेरणीच्या दिवसांत म्हटलं तर संधी अजून आहे, दसऱ्यानंतर म्हटलं तर गेली.

खाजणवाट
'जर-तर' नसलेल्या जागा राहिल्या. तिथे मराठीत आपण भविष्यकाळ वापरतो, त्यामुळे कोंदिस्योनाल सुचतच नाही.

एक, अदब. 'बिल आणाल का?' म्हणजे मे त्राएरीआ ला क्वेन्ता? 'मला मासे खायला आवडेल' म्हणजे मे गुस्तारीआ कोमेर पेस्कादो. 'आवडेल' बघून 'गुस्तारा' केलंत तर ते 'पुढे कधीतरी आवडायला लागेल' असं ऐकू येतं. सल्ल्यालाही हेच: 'तू डॉक्टरकडे जायला हवंस', देबेरीआस ईर आल मेदिको.

दोन, दुसऱ्याचं बोलणं सांगताना. 'सोमवारी परत येईन असं तो म्हणाला.' मराठीत 'येईन' जसंच्या तसं, त्याच्याच तोंडचं राहतं. स्पॅनिशमध्ये पुरुषही बदलतो आणि काळही: दिखो के बोल्बेरीआ एल लूनेस. 'बोल्बेरे' ठेवलंत तर परत येणारे तुम्ही ठरता.

तीन, भूतकाळाबद्दलचा अंदाज. 'आत्ता दहा वाजले असतील', सेरान लास द्येस. 'बोट लागली तेव्हा दहा वाजले असतील', सेरीआन लास द्येस क्वान्दो येगो एल बार्को. मराठीत दोन्हीकडे 'असतील', स्पॅनिशमध्ये आत्ताचा अंदाज भविष्यकाळात आणि तेव्हाचा कोंदिस्योनालमध्ये.

शिडाची होडी
खाजणवाट यांचा दुसरा मुद्दा वाचून आंद्रेस बेयो आठवले. व्हेनेझुएलात जन्मलेल्या, चिलीत काम केलेल्या या व्याकरणकाराने 1847 च्या आपल्या व्याकरणात या काळाला 'पोस्प्रेतेरितो' म्हटलं, म्हणजे भूतकाळातल्या एका क्षणानंतरचं. मेक्सिकोच्या पाठ्यपुस्तकांत हे नाव अजून दिसतं. मला तेच पटतं. 'संकेतार्थ' म्हटलं की मुलं फक्त जर-तर शोधत बसतात.

सुरंगी
असहमत. नाव बेयोंचं घेतलं तर होडीचं वाक्य त्यात ओढून बसवावं लागतं. 'आत्ता पैसे असते तर' यात भूतकाळ कुठे आहे? मी तरी वर्गात 'कोंदिस्योनाल' हेच ठेवीन आणि संकेतार्थ हा त्याचा एक उपयोग म्हणून सांगेन.

माडबन
नावावर नंतर भांडू. नवशिक्यांसाठी चार वाक्यं देतो, उत्तरं इथेच द्या. फक्त नियमित क्रियापदं.
1. आम्ही वेंगुर्ल्यात राहिलो असतो (संधी अजून आहे).
2. तू ते काजू विकशील का? (अदबीने)
3. 'मी पैसे देईन' असं ती म्हणाली.
4. ते लवकर झोपले असते (संधी अजून आहे).

कुळागर
1. बिबिरीआमोस एन वेंगुर्ला
2. बेंद्रीआस एसोस आनाकार्दोस?
3. दिखो के पागारे
4. दोर्मिरीआन तेंप्रानो

खाजणवाट
पहिलं आणि चौथं बरोबर.

तिसऱ्यात तुम्ही स्वतः पैसे द्यायचं कबूल केलंत. पागारीआ हवं.

दुसऱ्यात 'बेंदेर' (विकणे) नियमित आहे, ते अख्खं ठेवा: बेंदेरीआस. तुमच्या 'बेंद्रीआस' चा अर्थ 'तू आला असतास', ते 'बेनीर' चं रूप. मधला एक 'ए' गळला आणि काजू विकायचे राहिले.

कुळागर
बेन-दे-री-आस, चार अक्षरं. तिसरं: दिखो के पागारीआ. पण यात तिने पैसे द्यायचेत की मी?

खाजणवाट
दोन्ही अर्थ निघतात. म्हणून तिथे 'एया' घाला: दिखो के एया पागारीआ.